दाजीपूरचें रान आणि राधानगरीचा तलाव

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे शहरांतील घराघरांतून एकच प्रश्न निघूं लागतो, "यंदा कोठें जावयाचें?" कोणी समुद्रकांठ सुचवितो, कोणी एखाद्या देवस्थानाचें नांव काढतो, आणि अलीकडे बरीच मंडळी म्हणूं लागलीं आहेत, "एखादें रान पाहूं या." ही इच्छा चांगली आहे. शहरांत जन्मलेल्या मुलास उंबर आणि पिंपळ यांतील भेद कळेनासा झाला आहे; त्यानें दोन दिवस झाडांखालीं काढले तर त्यांत त्याचें हितच आहे. परंतु बेत ठरूं लागला कीं आपण विचारतों त्या गोष्टी तीन. राहावयास खोली मिळेल काय, मोटार कोठपर्यंत जाते, आणि जनावर दिसेल काय? आज मी आपणांस आणखी एक, चौथा प्रश्न सुचविणार आहें. जें रान आपण पाहावयास निघालों, तें आजवर टिकलें कसें? आणि त्याच्या कुशींतील तलाव तेथें आला कोठून? मी सारा जन्म शाळेंत इतिहास शिकविला, तेव्हां माझी नजर या प्रश्नाकडे वळावी हें स्वाभाविक आहे. तथापि मी केवळ संवयीनें बोलत नाहीं. ज्या प्रवाशास या प्रश्नाचें उत्तर ठाऊक असतें, त्याचें रानांतील वागणें आपोआप निराळें होतें, असा माझा अनुभव आहे.

उदाहरणादाखल मी कोल्हापूर जिल्ह्यांतील राधानगरी-दाजीपूरचें अभयारण्य घेतों. कोल्हापुराहून नैर्ऋत्येस सुमारें ५० किलोमीटरांवर राधानगरी हें गांव आहे. तेथून तलावाच्या बाजूबाजूनें फोंडा घाटाच्या दिशेनें पुढें गेलें म्हणजे दाजीपूर लागतें. कोल्हापुरापासून हें सारें अंतर सुमारें ८० किलोमीटर भरतें. त्याच रस्त्यानें घाट उतरला कीं आपण तळकोंकणांत येतों. म्हणजे हें रान अगदीं सह्याद्रीच्या माथ्यावर, देश आणि कोंकण यांच्या उंबरठ्यावर वसलेलें आहे. समुद्रावरून येणारे ढग पहिल्यानें याच माथ्यावर आदळतात. येथें वर्षाकाठीं ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरोळ तालुक्याच्या वांट्यास त्याचा अगदीं थोडा अंश येतो. एका जिल्ह्यांत एका टोंकास अतिवृष्टि आणि दुसऱ्या टोंकास पावसाची वाट पाहणारें शेत, ही स्थिति ध्यानांत ठेवावी. आपल्या कथेचें बीज तिच्यांतच आहे.

या डोंगरांत भोगावती नदी उगम पावते. कुंभी, कासारी, तुळशी या बहिणींसह तिचें पाणी कोल्हापुराच्या उत्तर अंगास प्रयाग चिखलीजवळ पंचगंगेंत एकत्र होतें, आणि पंचगंगा पुढें नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत या नद्या दुथडी भरून वाहत, आणि चैत्र-वैशाखांत त्यांच्या पात्रांत वाळू आणि डबकीं तेवढीं उरत. पाणी होतें, पण तें ज्या वेळीं पाहिजे त्या वेळीं नव्हतें.

ही अडचण ज्या पुरुषानें मनावर घेतली, ते राजर्षि शाहू छत्रपति. त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजीं झाला, १८८४ सालीं ते कोल्हापुराच्या गादीवर दत्तक गेले, आणि २ एप्रिल १८९४ रोजीं राज्याचा कारभार त्यांच्या हातीं आला. त्या वेळीं त्यांस अवघें विसावें वर्ष चालूं होतें. दोन वर्षें लोटलीं न लोटलीं तोंच १८९६-९७ चा दुष्काळ उभा राहिला. त्याच्या मागोमाग प्लेग आला. आणि शतक संपतां संपतां पुन्हां एकदां अवर्षण आलें. सुमारें ९ लाख लोकवस्तीचें हें संस्थान. त्याच्या तरुण राजानें गांवोगांव हिंडून कोरड्या विहिरी आणि रिकामीं पेवें आपल्या डोळ्यांनीं पाहिलीं. महाराजांच्या सामाजिक सुधारणा आपणां सर्वांस ठाऊक आहेत. १९०२ सालीं त्यांनीं मागासलेल्या वर्गांसाठीं सरकारी नोकऱ्यांतील ५० टक्के जागा राखून ठेवल्या, आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्याचा कायदा केला. परंतु त्याच १९०२ सालीं संस्थानचें पाटबंधाऱ्यांविषयींचें धोरणही त्यांनीं आंखलें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. माझ्या मतें या दोन्ही गोष्टींच्या मुळाशीं एकच विचार होता. जें थोड्यांच्या हातीं एकवटलें आहे, तें पुष्कळांपर्यंत पोंचलें पाहिजे. मग तें ज्ञान असो, अधिकार असो, कीं पाणी असो.

या धोरणांतून भोगावतीवर फेजिवडे गांवाजवळ एक मोठें दगडी धरण बांधण्याची योजना निघाली. एका लहानशा संस्थानाच्या खजिन्याच्या मानानें ही उडी केवढी होती, याची कल्पना आज येणें कठीण. धरणाजवळ जी नवी पेठ वसली, तीस महाराजांनीं आपली कन्या राधाबाई, अर्थात् अक्कासाहेब महाराज, यांचें नांव दिलें, आणि राधानगरी अस्तित्वांत आली. या अक्कासाहेबांचा विवाह १९०८ सालीं देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार यांच्याशीं झाला. तलावास महाराणी लक्ष्मीबाईसाहेबांचें नांव मिळालें. लोक आजही त्यास लक्ष्मी तलाव म्हणतात. लेकीच्या नांवाचें गांव आणि पत्नीच्या नांवाचा तलाव, असें हें घरगुती नातें त्या पाण्याशीं जोडलेलें आहे.

काम सुरू झालें, भिंत वर येऊं लागली, आणि तितक्यांत १९१४ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें. महागाई वाढली, माल मिळेनासा झाला, खर्च आवांक्याबाहेर गेला, आणि १९१८ सालीं काम थांबवावें लागलें. पुढें ६ मे १९२२ रोजीं महाराज मुंबईस निवर्तले. त्या वेळीं त्यांच्या वयास अठ्ठेचाळीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्या मनांतील धरण अपुरेंच उभें होतें. त्यानंतरही कित्येक वर्षें तें तसेंच राहिलें. राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १९३९ सालीं, काम पुन्हां हातीं घेण्यांत आलें. तोंच दुसरें महायुद्ध आलें. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि शेवटचा दगड बसला तो त्यानंतरच्या दशकांत, स्वतंत्र हिंदुस्थानाच्या राजवटींत. ज्या राजानें पाया घातला त्याचें राज्यच तोंपर्यंत नकाशावरून नाहींसें झालें होतें. परंतु योजना नाहींशी झाली नाहीं. चांगलें सार्वजनिक काम कोणत्या तरी एका पिढीचें नसतें, याचें याहून ठळक उदाहरण मला महाराष्ट्रांत दुसरें दिसत नाहीं.

या धरणाच्या दोन विशेष गोष्टी प्रवाशानें मुद्दाम पाहाव्या. पहिली म्हणजे त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. तलाव काठोकाठ भरला कीं पाण्याच्या पातळीच्या जोरावर हे दरवाजे एकामागून एक आपोआप उघडतात, आणि पातळी उतरली कीं मिटतात. एका दरवाज्यांतून सेकंदास १४२८ घनफूट पाणी सुटतें. म्हणजे सातही उघडले तर सुमारें १०,००० घनफूट. पावसाळ्यांत "राधानगरीचा दरवाजा उघडला" ही बातमी येतांच कोल्हापुरांतील नदीकांठची माणसें पंचगंगेच्या पातळीकडे डोळे लावून बसतात. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांचे महापूर ज्यांनीं पाहिले, त्यांस या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

दुसरी गोष्ट डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून ती सांगतों. मोठ्या धरणापासून कालवे निघावयाचेच, अशी आपली समजूत असते. राधानगरीचें पाणी मात्र मुख्यतः नदीच्याच पात्रांतून खालीं सोडतात. वाटेंत जागोजाग ठेंगणे बंधारे आहेत, ज्यांस साऱ्या महाराष्ट्रांत "कोल्हापूर पद्धतीचे बंधारे" म्हणतात. दगडी खांब, आणि त्यांच्या खांचांतून बसविलेल्या फळ्या, म्हणजे बरगे, अशी त्यांची साधी रचना असते. पावसाळा सरला कीं बरगे घालावयाचे, म्हणजे पाणी अडतें; पुढील पावसाळ्यापूर्वीं ते काढून घ्यावयाचे, म्हणजे पूर मोकळा वाहून जातो आणि गाळही सांचत नाहीं. दोहों कांठचे शेतकरी अडलेलें पाणी पंपानें उपसून घेतात. कोल्हापुराचा ऊंस आणि गूळ आपण सर्व जाणतों. त्या गुळाच्या ढेपेंत दाजीपूरच्या ढगांचा वांटा आहे, असें म्हटल्यास ती अतिशयोक्ति होणार नाहीं. तलावाची सांठवण ८.३६ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.

आतां तलावाकडून रानाकडे वळूं. हें रान कोल्हापूरच्या छत्रपतींचें शिकारीचें रान होतें. शाहू महाराज स्वतः धाडसी आणि निष्णात शिकारी होते. कोल्हापूर दरबारीं शिकवून तयार केलेले चित्ते बाळगीत, आणि माळावर काळविटांवर ते सोडीत. हिंदुस्थानांतील चित्ते विरळ होऊं लागले तेव्हां आफ्रिकेंतून ते आणवून हा षोक चालूं ठेवण्यांत आला. १९५२ सालीं हा प्राणी हिंदुस्थानांतून नामशेष झाल्याचें जाहीर झालें. येथें माझ्या वर्गांतील एखादा चुणचुणीत मुलगा नेमका प्रश्न विचारी, "गुरुजी, जो शिकार करतो तोच रानाचा रक्षक कसा?" प्रश्न रास्त आहे, आणि त्यास गुळमुळीत उत्तर देऊन भागणार नाहीं. राखीव शिकारीच्या रानांत सामान्य माणसास कुऱ्हाड नेण्याची मोकळीक नव्हती, आणि जनावरांवर बंदूक चालविण्याचा अधिकारही मोजक्यांसच होता. त्यामुळें झाडें उभीं राहिलीं. परंतु त्या बंदीमागील हेतु मुळांत करमणुकीचा होता, आणि त्या बंदीचा कांच सोसला तो डोंगरांतील गरिबानें. ही दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं आहेत. इतिहास शिकतांना अशीं दोन सत्यें एकत्र धरून ठेवण्याची संवय लागावी, असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

संस्थानें गेलीं तेव्हां हें बंधनही गेलें असतें, आणि देशांत पुष्कळ ठिकाणीं तसें झालेंही. राजांचा धाक गेला, नवा कायदा रुळला नव्हता, आणि त्या मधल्या काळांत जीपगाड्यांतून बंदुका घेऊन हिंडणाऱ्यांनीं कित्येक रानें उजाड केलीं. मुंबई राज्यानें १९५१ सालीं वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला, आणि १९५८ सालीं दाजीपूरचें रान गव्यांसाठीं अभयारण्य म्हणून घोषित झालें. महाराष्ट्रांतील हें पहिलें अभयारण्य, असें सर्वत्र सांगतात. येथें थोडा कालविवेक राखावा. १९५८ सालीं महाराष्ट्र राज्य जन्मास यावयाचें होतें. तें १ मे १९६० रोजीं आलें. ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान याच्याही आधीं, १९५५ सालीं, स्थापन झालें. परंतु तो प्रदेश तेव्हां मध्यप्रदेशांत मोडत होता, आणि राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य हे दोन निराळे प्रकार आहेत. तेव्हां दाजीपूरचा मान अबाधित आहे, इतकें सांगून पुढें जाऊं.

१९७२ सालीं साऱ्या देशासाठीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. पुढें १९८५ सालीं दाजीपूरच्या मूळ रानास भोंवतालचा मोठा प्रदेश जोडून राधानगरी अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर आहे. दूधगंगेवरील काळम्मावाडीचा जलाशय आणि भोगावतीवरील लक्ष्मी तलाव हे दोन्ही या रानाच्या अंगाखांद्यावर आहेत. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ ठिकाणांस जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत महाराष्ट्रांतील चार आहेत, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. ज्या रानांत एके काळीं राजाच्या परवानगीवांचून कोणास पाऊल टाकतां येत नव्हतें, तें आज साऱ्या मानवजातीचा ठेवा ठरलें आहे.

तलाव आणि रान यांच्या या दोन कथा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. उघड्या डोंगरावर चार हजार मिलिमीटर पाऊस पडला तर तो माती घेऊन खालीं येतो, आणि दर सालीं थोडा थोडा गाळ सांचून तलावाचें पोट भरत जातें. डोंगरावर दाट झाडी असली तर पालापाचोळा पाणी मुरवितो, मुळें माती धरून ठेवतात, आणि पावसाळा संपल्यावरही ओढे कांहीं काळ वाहते राहतात. म्हणून त्या उंच धरणाची खरी पाठराखण त्याच्यामागील अंजनी, जांभूळ, हिरडा आणि कारवी यांनीं केलेली आहे. शिरोळच्या शेतकऱ्यानें दाजीपूरचा गवा कधीं पाहिला नसेल. तथापि तो ज्या रानांत चरतो, त्या रानाच्या जिवावर याचा ऊंस उभा आहे.

ही सारी संपत्ति फुकट मिळालेली नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. प्रत्येक तलावाच्या तळाशीं कोणाचीं तरी शेतें, कोणाची तरी वाट आणि कोणाचा तरी देव असतो. ज्यांचीं जमिनीं पाण्याखालीं गेल्या, त्यांना दुसरीकडे नव्यानें चूल मांडावी लागली. अभयारण्याची हद्द आंखली गेली तेव्हां तिच्या आंत आणि कडेला वाड्या होत्या, धनगरवाडे होते. पिढ्यान् पिढ्या म्हशी चारणाऱ्या, मध आणि हिरडा गोळा करणाऱ्या या लोकांच्या जगण्यावर नव्या नियमांचें बंधन पडलें. भाताचें शेत कापणीस आलें असतां एका रात्रींत गव्यांचा कळप तें तुडवून जातो, आणि नुकसानभरपाईसाठीं त्या शेतकऱ्यास कचेरीचे खेटे घालावे लागतात. आपण शहरांतून जाऊन "अहाहा, काय हें सौंदर्य!" म्हणतों, तेव्हां त्या सौंदर्याचा कर दुसरेंच कोणी भरीत असतें. वाडीवरील माणसाशीं बोलतांना हें विसरूं नये. त्याच्या घरीं जेवण मागितलें तर त्याचे योग्य दाम द्यावे, वाटाड्या म्हणून त्यासच बरोबर घ्यावें, आणि त्याच्या ज्ञानाचा मान राखावा. पायवाटेवरील चिखलांत उमटलेला खूर सकाळचा कीं रात्रीचा, हें तो एका दृष्टिक्षेपांत सांगतो. आपली मॅट्रिकची परीक्षा तेथें कुचकामाची ठरते.

आतां त्या रानाच्या मुख्य रहिवाशाची ओळख करून घेऊं. इंग्रज शिकाऱ्यांनीं गव्यास "बायसन" म्हटलें, आणि तेंच नांव पुष्कळ वर्षें पाट्यांवर राहिलें. वास्तविक बायसन हा अमेरिकेंतील आणि युरोपांतील निराळा प्राणी. गवा आपल्या गाईबैलांच्या कुळांतील, आणि त्या कुळांतील सर्वांत धिप्पाड. पूर्ण वाढलेला नर खांद्याशीं सहा फुटांच्या आसपास उंच आणि वजनानें हजार किलोपर्यंत भरतो. काळाभोर देह, गुडघ्यांपासून खालीं पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, आणि पाठीवर उंच वशिंडासारखी धार. एवढ्या बलाढ्य प्राण्याचा स्वभाव मात्र भिडस्त आहे. तो पहांटे आणि सायंकाळीं उघड्यावर गवत खावयास येतो, ऊन चढलें कीं झाडींत रवंथ करीत बसतो. माणसाचा वास येतांच फुसकारून इशारा देतो आणि कळप नाहींसा होतो. त्यास कोंडींत पकडलें, किंवा मादीबरोबर वासरूं असलें, तरच तो अंगावर येतो.

त्याचें आणि आपल्या गोठ्याचें नातें आणखी एका बाजूनें जवळचें आहे. गाईगुरांस होणारे रोग गव्यासही होतात. बुळकांडीच्या सांथीनें हिंदुस्थानांतील गव्यांचे कळपच्या कळप नाहींसे केल्याचीं उदाहरणें आहेत. दक्षिणेंत १९६८ सालच्या सुमारास ती आपत्ति ओढवली होती. पुढें गांवोगांवच्या गुरांना लस टोंचण्यांत आली, आणि २०११ सालीं सारें जग बुळकांडीमुक्त झाल्याचें जाहीर झालें. खेड्यांतील गाईस टोंचलेली लस रानांतील गव्यासही तारती झाली. माणूस, गुरें आणि रान यांच्यामध्यें आपण कागदावर रेघ ओढतों. रोगास ती रेघ दिसत नाहीं.

आणि गव्यासही ती दिसत नाहीं. ९ डिसेंबर २०२० रोजीं पुण्यांत कोथरूड भागांत एक गवा येऊन चुकला. बातमी पसरली, आणि त्यास पाहावयास गर्दी लोटली. माणसें ओरडत होतीं, मागें धांवत होतीं, चित्रें टिपत होतीं. तो भेदरलेला प्राणी भिंतींवर आदळत, रस्त्यांवरून सैरावैरा पळत राहिला. अखेर त्यास बेशुद्ध करून पकडण्यांत आलें, आणि त्यांतच त्याचा अंत झाला. त्या गर्दींत कोणी दुष्ट नव्हतें. तीं तुमच्याआमच्यासारखीं सुशिक्षित, सुखवस्तु घरांतील माणसें होतीं. जंगलांत जाऊन गवा पाहण्याची ज्यांस हौस असते अशीं. त्यांस गवा पाहावयाचा होता, परंतु गवा म्हणजे काय हें त्यांस ठाऊक नव्हतें. कुतूहलास ज्ञानाची जोड नसली म्हणजे तें कुतूहलच प्राणघातक होतें. मीं आरंभीं ज्या चौथ्या प्रश्नाचा आग्रह धरला, त्याचें कारण हेंच.

आतां प्रत्यक्ष प्रवासाविषयीं चार शब्द सांगतों. पावसाळ्यांत अभयारण्यांतील वाटा बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वीं वनखात्याकडे चौकशी करावी, परवाना आणि राहण्याची सोय आधींच ठरवावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळांत हवा आल्हाददायक असते, डोंगर हिरवे असतात, आणि पहांटे तलावावर धुकें तरंगतें. ज्यांस जनावरें पाहावयाचीं आहेत त्यांनीं मार्च-एप्रिलमध्यें जावें. गवत वाळतें, पाणवठे थोडे उरतात, आणि कळप त्यांच्या आसपास दिसण्याचा संभव वाढतो. कारवी सात-आठ वर्षांतून एकदां फुलते. तो योग आला तर सोडूं नये.

जातांना राधानगरींत थांबून धरण आणि हत्तीमहाल पाहावा, म्हणजे पुढील रानास पार्श्वभूमि मिळते. दाजीपुराच्या आंत सावराईचा सडा, वाघाचें पाणी अशीं स्थळें आहेत. सडा म्हणजे जांभ्या दगडाचें विस्तीर्ण पठार. पहिल्या दृष्टीस तें ओसाड वाटतें, परंतु पावसाळ्यानंतर त्यावर इवल्या इवल्या फुलांचा गालिचा पसरतो, म्हणून तेथें गाडी घालूं नये. "वाघाचें पाणी" या नांवांत पूर्वजांची आठवण सांठविलेली आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प झाला. तेथून गोवा आणि कर्नाटक यांकडे जाणारी वाघाची वाट या रानांतूनच आहे, आणि येथें त्याची ये-जा कॅमेऱ्यांनीं टिपलेली आहे. तो आपणांस दिसेल अशी आशा धरूं नये. अस्वल, बिबट्या, कोळसुंदे आणि सांबर यांचेंही तसेंच. भेकराचें भुंकणें, शेकरूचें एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेपावणें आणि धनेशाच्या पंखांचा आवाज एवढें पदरांत पडलें तरी यात्रा सुफळ झाली, असें समजावें.

कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावे. अत्तरें, गाणीं आणि मोठ्यानें हांका मारणें घरीं ठेवून यावें. गवा दिसला तर गाडीतून उतरूं नये, आणि पायीं असल्यास वाटाड्याच्या शब्दाबाहेर जाऊं नये. नेलेला प्रत्येक कागद आणि प्रत्येक बाटली परत आणावी. माकडास दिलेला एक बिस्किटाचा तुकडा त्यास भीक मागावयास शिकवितो. आणि भीक मागणारें माकड पुढें चोर ठरून मार खातें. तलाव शांत दिसला तरी त्यांत उतरूं नये. त्याची खोली आणि तळांतील गाळ वरून कळत नाहींत, आणि शिवाय तें खालच्या गांवांच्या पिण्याचें पाणी आहे.

घरांतील मुलांना मात्र अवश्य बरोबर न्यावें, आणि त्यांना एक काम सांगावें. धरणाच्या भिंतीजवळ उभें राहून त्यांनीं विचार करावा, कीं ज्या माणसानें या कामाचा पाया घातला, त्यास तें पुरें झालेलें पाहावयास मिळालें नाहीं. तरीही त्यानें तें आरंभिलें कां? आणि मग रानाकडे वळून दुसरा प्रश्न विचारावा, कीं आज आपण कोणतें असें काम हातीं घेतलें आहे, ज्याचें फळ आपणांस मिळणार नाहीं, परंतु पन्नास वर्षांनंतर या वाटेनें येणाऱ्यास मिळेल? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मुलांनीं आपणांसच विचारलें, तर श्रोतेहो, तें आपल्याजवळ तयार असावें, एवढीच माझी विनंति आहे.